केबल घ्यायच्या आधी डॅकची पाठ बघा

माझ्या धाकट्या भावानं नवा डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲम्प्लिफायरला कळेल असा ॲनालॉग सिग्नल करणारं यंत्र) घेतला आणि त्याच रात्री साडेदहाला फोन केला. "ताई, आवाजच येत नाहीये. डॅक बाद निघाला बहुतेक." कुठल्या केबलनं जोडलायस? ऑप्टिकल. टीव्हीच्या सॉकेटमधून लाल उजेड दिसतोय? दिसतोय. मग केबल टीव्हीत लाव आणि दुसरं टोक तळहातावर धर, लाल ठिपका पडतोय का बघ. "अंधुक पडतोय. आणि ताई, ही पिन आत बसतच नाही गं, सारखी बाहेर येते." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हटलं, टोकावर पारदर्शक प्लास्टिकची टोपी आहे का बघ. दोन सेकंद शांतता. मग एक बारीक टक्, थोड्या वेळानं दुसरा टक्, आणि पाठोपाठ फोनमधूनच तबला ऐकू आला.

त्याला हसायचा मला अधिकार नव्हता. डबिंग स्टुडिओत लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी हाच घोळ घातला होता, आणि तो निस्तरायला आमच्या वरिष्ठ इंजिनियरना अर्धा रॅक पुढे ओढावा लागला होता. त्यानंतरची पंधरा वर्षं पॅचबे (स्टुडिओतल्या सगळ्या जोडण्या एकत्र आणणारी सॉकेटांची पाटी) आणि केबल्सच्या गुंत्यातच गेली. आता ओळखीत कुणी डॅक घेतला की फोन मलाच येतो, आणि प्रश्न ठरलेला असतो: "चांगली केबल कुठली?" कुठल्या दोन सॉकेटांमध्ये लावायची, अंतर किती आणि मध्ये विजेची काय भानगड आहे, हे कळल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही.

म्हणून पहिलं काम खरेदीचं नाही. यंत्रं भिंतीपासून पुढे ओढा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि दोन्हींच्या पाठीचे फोटो काढा. टीव्ही, सीडी प्लेअर, कॉम्प्युटर, स्ट्रीमर, जो काही स्रोत असेल त्याच्या पाठीवर डिजिटल 'आउट' कोणती आहेत आणि डॅकच्या पाठीवर डिजिटल 'इन' कोणती, हे कागदावर लिहा. दोन्हीकडे जे समान असेल त्यातूनच निवड करायची.

इथे एक फसगत नेहमी होते. कोॲक्स, म्हणजे मधली तार आणि भोवती जाळी असलेल्या केबलचं डिजिटल सॉकेट दिसायला साध्या ऑडिओच्या आरसीए (मध्ये पिन, भोवती गोल कडं) सॉकेटसारखंच असतं, पिनही तीच बसते. लाल-पांढरी जोडी ॲनालॉगची, पिवळं व्हिडिओचं आणि केशरी डिजिटलचं, असा रंगांचा संकेत आहे, पण तो सगळेच पाळत नाहीत. काळं सॉकेट दिसलं तर शेजारची अक्षरं वाचा. सीडी प्लेअरच्या लाल सॉकेटमधून डॅकच्या कोॲक्स इनला वायर नेली तर काहीही जळत नाही. फक्त आवाज येत नाही आणि संध्याकाळ वाया जाते.

कोॲक्स आणि ७५ ओहमचं कोडं

घरगुती डिजिटल ऑडिओची ही जुनी वाट. सोनी आणि फिलिप्सनं मिळून ठरवलेली म्हणून तिचं नाव एसपीडिफ. तारेतून जेमतेम अर्ध्या व्होल्टचा सिग्नल जातो, पण त्याचा वेग ऑडिओच्या मानानं भलताच जास्त असतो. सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झला (सेकंदाला आवाजाची किती मापं घेतली, तो हा दर) सेकंदाला सुमारे २८ लाख बिट, ९६ किलोहर्ट्झला ६१ लाख, १९२ ला १ कोटी २३ लाखांच्या आसपास. हा वेग व्हिडिओ सिग्नलच्या पंगतीतला आहे, म्हणून केबलही व्हिडिओच्या जातीची लागते: ७५ ओहमची.

हे ७५ ओहम मल्टिमीटरवर दिसत नाहीत. भावानं एकदा नवी केबल मीटरला लावली, अर्धा ओहमही आला नाही, आणि पठ्ठ्या ती परत करायला निघाला होता! हा आकडा तारेच्या रोधाचा नाही. मधली तार आणि भोवतालची जाळी यांची जाडी, त्यांच्यातलं अंतर आणि मधलं प्लास्टिक यांवरून तो ठरतो. जाड दोरीला बारीक दोरी गाठ मारून जोडा आणि एक टोक झटका: लाट गाठीपाशी पोचली की थोडी पुढे जाते, थोडी मागे फिरते. ७५ ओहमच्या सॉकेटला भलतीच केबल लावली की सिग्नलचं असंच होतं. मागे फिरलेला तुकडा पुढच्या बिटांच्या कडांवर येऊन आदळतो.

मग घरातली लाल-पांढरी ऑडिओ केबल चालेल का? मीटरभर अंतरात बहुतेक वेळा चालते. एकदा रात्रपाळीत काम नव्हतं तेव्हा मी इंटरफेसचं डिजिटल आउट त्याच्याच डिजिटल इनमध्ये जोडून एकच फाइल तीन केबल्समधून रेकॉर्ड केली: मोजून-मापून बनवलेली ७५ ओहमची, जुन्या व्हीसीआरबरोबर आलेली पिवळी व्हिडिओची, आणि एक अगदी भिकार पातळ ऑडिओ केबल. मूळ फाइलची लाट उलटी करून (वरचं खाली, खालचं वर) प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये मिसळली, म्हणजे जे सारखं ते एकमेकांना खोडून जातं. तिन्ही वेळा खाली उरलं ते शुद्ध शून्य, म्हणजे एकही बिट बदललेला नव्हता. तीच पातळ जात दहा मीटर घेऊन १९२ किलोहर्ट्झवर लावली तेव्हा मात्र टिकटिक सुरू झाली आणि मधेच आवाज गडप व्हायला लागला.

डिजिटल केबल बिघडते ती अशी. "बास जरा सैल वाटतो" अशी नाही. टिकटिक, तुटणं, नाहीतर मुकेपणा. एसपीडिफमध्ये चूक झाल्याचं डॅकला पॅरिटी बिटावरून (तपासणीसाठी जोडलेल्या जादा बिटावरून) कळू शकतं, पण "पुन्हा पाठव" म्हणायची सोय नाही, सगळी वाहतूक एकाच दिशेची. बिट तेच राहूनही एक गोष्ट बिघडू शकते, ती म्हणजे वेळ. या पद्धतीत घड्याळ वेगळ्या तारेवरून येत नाही, बिटांच्या कडांतूनच डॅक ते ओळखतो. त्या कडा इकडेतिकडे सरकल्या की त्याला जिटर म्हणतात. जुन्या डॅकमध्ये त्याचा त्रास खरा होता. आजकालचे बरेच डॅक आलेलं घड्याळ स्वच्छ करून घेतात, त्यामुळे मी जिटरच्या भीतीनं कुणाला महागडी केबल घ्यायला सांगत नाही. नीट ७५ ओहमची घ्या, मीटर-दीड मीटरची घ्या, विषय संपला.

तारेपेक्षा मी टोकांकडे जास्त बघते. एकदा मेलेली एक केबल कुतूहल म्हणून ब्लेडनं सोलली. बाहेरून प्लग झकास, सोनेरी, वजनदार. आत जाळीचे तंतू पिळून एका बाजूला ओढलेले आणि त्यातले तीन-चारच कसेबसे डाग देऊन चिकटवलेले. डाग देताना उष्णता इतकी लागली होती की मधलं फोमचं प्लास्टिक वितळून मधली तार एका अंगाला कललेली. त्या अर्ध्या सेंटिमीटरात ना ७५ ओहम उरले होते ना भरवसा. म्हणून क्रिम्प केलेली टोकं मला आवडतात: जाळी सगळ्या बाजूंनी सारखी दाबली जाते आणि जाळायचा प्रश्नच येत नाही. स्वतः बनवायची हौस असेल तर बेल्डेनची १६९४ए ही केबल आणि कॅनारेचे ७५ ओहमचे आरसीए क्रिम्प प्लग ही स्टुडिओतली नेहमीची जोडी आहे. ती केबल पेन्सिलीएवढी जाड आणि ताठ असते, डॅक हलका असेल तर त्यालाच मागे ढकलते. अशा वेळी आरजी-५९ जातीची पातळ केबल बरी. टीव्हीच्या अँटेनाची आरजी-६ सुद्धा ७५ ओहमचीच असते. आरजी-५८ मात्र नको, ती ५० ओहमची.

खरं सांगायचं तर आरसीए प्लग हा या कामासाठी जन्मलाच नाही. १९३० च्या दशकात रेडिओला ग्रामोफोन जोडायला तो निघाला. खरा ७५ ओहमचा जोड म्हणजे बीएनसी, फिरवून कुलूप लागणारा. दोन्ही यंत्रांवर तो असेल तर डोळे झाकून तोच वापरा. एकाच बाजूला असेल तर एका टोकाला बीएनसी आणि दुसऱ्याला आरसीए अशी केबल करून घ्या. मध्ये ॲडॉप्टर लटकवू नका.

ऑप्टिकल, म्हणजे टॉसलिंक

तोशिबानं १९८३ मध्ये काढली म्हणून टॉसलिंक. आत साधारण १ मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा धागा, त्यातून लाल एलईडीचा उजेड. डेटा तोच एसपीडिफचा, फक्त विजेऐवजी उजेडावर स्वार झालेला. तांब्याची तार नसल्यामुळे दोन यंत्रांमध्ये विजेचं नातंच उरत नाही, आणि तिचा सगळ्यात मोठा गुण तोच आहे. त्याची गोष्ट पुढे सांगते.

दोष सांगते आधी. हा धागा घडी सहन करत नाही. बांगडीएवढा वळसा चालतो, पेन्सिलीला गुंडाळल्यासारखा नाही. कपाट भिंतीला टेकवताना केबल काटकोनात दाबली जाते आणि महिन्याभरानं आवाज तुटायला लागतो, हा नेहमीचा प्रकार. मागे जागा कमी असेल तर काटकोनी टोकाची केबल घ्या. पिन चौकोनी असते, पण वरचे दोन कोपरे कापलेले असतात, त्यामुळे ती एकाच बाजूनं जाते. जोर लावावासा वाटला की थांबा आणि फिरवून बघा. बसली की हलकासा टक् होतो. तो झाला नसेल तर ती बसलेली नाही.

लांबी पाच मीटरपर्यंत निवांत. त्यापुढे केबल आणि यंत्रं दोन्ही चांगली लागतात. दोन केबल्स जोडणारा जोडतुकडा शक्यतो टाळा, प्रत्येक जोडात उजेड सांडतो. वेगाचंही एक आहे: जुने ऑप्टिकल मॉड्यूल सेकंदाला ६० लाख बिटांच्या हिशेबानं बनवलेले होते, म्हणून पुष्कळ यंत्रं ऑप्टिकलवर ९६ किलोहर्ट्झलाच थांबतात. १९२ लावल्यावर शांतता किंवा टिकटिक झाली तर केबलला शिव्या देण्याआधी ९६ वर आणून बघा.

काही जुन्या लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातूनच लाल उजेड येतो, ती छोटी ऑप्टिकल. ॲपलनं २०१६ च्या मॅकबुक प्रोपासून ती काढून टाकली. तिच्यासाठी पिनेवर बसवायचं जे इवलंसं प्लास्टिकचं टोक मिळतं, ते घेऊ नका. केबल ओढली की टोक आतच राहतं, आणि ते चिमट्यानं काढताना माझा एक अख्खा रविवार गेलाय. एका बाजूला छोटी पिन घडवलेलीच केबल घ्या.

आता ऑप्टिकल आउट आणि कोॲक्स इन असं असेल तर? त्या दोघांना जोडणारी नुसती केबल नसते. मध्ये वीज लागणारी डबी लागते, आणि बहुतेक डब्या एकाच दिशेनं चालतात, म्हणून कुठून कुठे ते वाचून घ्या. डबीवर लाल-पांढरी जोडी दिसली तर ती डबी स्वतःच एक स्वस्तातला डॅक आहे. तुमच्या चांगल्या डॅकच्या आधी ती लावण्यात काही अर्थ नाही.

टीव्हीवाल्यांसाठी एक सेटिंग

केबल बरोबर, टोप्या काढलेल्या, तरी आवाज नाही किंवा कर्कश खरखर येते? टीव्हीच्या साउंड मेनूत डिजिटल आउटपुट 'ऑटो', 'बिटस्ट्रीम' किंवा 'डॉल्बी डिजिटल' असेल. दोन चॅनेलच्या डॅकला ती भाषा येत नाही, त्याला पीसीएम, म्हणजे न दाबलेला साधा डिजिटल आवाज लागतो. मेनूत पीसीएम निवडा. माझ्याकडे आलेल्या टीव्हीच्या तक्रारींपैकी निम्म्या इथेच मिटतात.

एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधून बाहेर आणायची सोय) असलेला डॅक असेल तर टीव्हीच्या ज्या सॉकेटवर एआरसी लिहिलंय त्यालाच जोडा, बाकीची सॉकेट आवाज बाहेर देत नाहीत. आणि डॅकवर एचडीएमआयसारखं सॉकेट असून शेजारी आय-टू-एस लिहिलं असेल तर टीव्हीची केबल त्यात अजिबात घालू नका. आय-टू-एस ही मुळात यंत्राच्या आतल्या चिपांनी आपसांत बोलायची पद्धत. ती बाहेर काढताना कुठल्या पिनेवर काय, यावर सगळ्या कंपन्यांचं एकमत झालेलं नाही.

यूएसबी

कॉम्प्युटर किंवा मोबाइल स्रोत असेल तर मी यूएसबीच सुचवते. चांगल्या डॅकमध्ये ती असिंक्रोनस असते, म्हणजे घड्याळ डॅकचं आणि कॉम्प्युटरनं मागेल तसा माल पुरवायचा. वर म्हटलेला जिटरचा बराचसा प्रश्न त्यामुळे उद्भवतच नाही. विंडोज १० मध्ये २०१७ पासून जास्त दराच्या यूएसबी डॅकसाठी लागणारा ड्रायव्हर आधीच आहे. त्याहून जुनी विंडोज असेल तर डॅक बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर टाका.

केबल निवडताना इथे एकच सापळा: चार्जिंगच्या केबल्स. काहींमध्ये डेटाच्या तारा नसतातच. डॅकचा दिवा लागतो, पण कॉम्प्युटरला तो दिसत नाही. प्रिंटरला लागते तसली चौकोनी टोकाची साधी यूएसबी २.० केबल बहुतेक डॅकना पुरते. पाच मीटर ही मर्यादा, दोन मीटर उत्तम. मोबाइलच्या सी टोकापासून मायक्रो यूएसबीच्या डॅकला जायचं असेल तर केबलवर ओटीजी (मोबाइलला मालक बनवणारी जोडणी) लिहिलेलं हवं, नाहीतर कोण मालक आणि कोण पाहुणा हे दोघांनाही कळत नाही.

एक्सएलआरची (माइकला असतो तसल्या तीन पिनांच्या गोल प्लगची) ११० ओहमची डिजिटल जोडणी स्टुडिओतली. घरी दोन्हीकडे असेल तर खुशाल वापरा, पण माइकची केबल ढकलू नका, आणि एक्सएलआरचं टोक कापून आरसीए लावायचा उद्योगही नको. त्यातला सिग्नल २ ते ७ व्होल्टचा असतो, एसपीडिफच्या कितीतरी पट.

चिर्र आवाजाची गोष्ट

माझ्या घरी कॉम्प्युटर, यूएसबी डॅक, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर अशी साधी मांडणी होती. रात्री गाणं संपलं की स्पीकरमधून अगदी बारीक चिर्र ऐकू यायचं. आधी वाटलं, बाहेर रातकिडा आहे. मग लक्षात आलं, माउस हलवला की तो ओरडतो, थांबवला की थांबतो. लांबलचक पान वरखाली सरकवलं की सुरातच चढ-उतार.

दोन यूएसबी केबल्स बदलल्या. केबलवर फेराइटचा (गोंगाट शोषणाऱ्या चुंबकीय पदार्थाचा) गोळा लावला, फरक पडला तो माझ्या समाधानापुरता. शेवटी यूएसबी काढली आणि कॉम्प्युटरच्या पाठीवरच्या ऑप्टिकलमधून केबल लावली. चिर्र बंद, त्याच क्षणी.

कारण असं: कॉम्प्युटरचं अर्थिंग एका वाटेनं जातं, ॲम्प्लिफायरचं दुसऱ्या, आणि यूएसबीतली तांब्याची तार त्या दोघांना जोडून एक फेरा पुरा करते. त्या फेऱ्यातून कॉम्प्युटरची सगळी आतली कुरकुर डॅकच्या पुढच्या, ॲनालॉग बाजूला शिरते. बिट तिथेही शाबूत होते. ऑप्टिकलनं फेरा तोडला, एवढंच. कोॲक्सनंही असा फेरा होऊ शकतो, विशेषतः टीव्हीला बाहेरच्या केबलचं किंवा डिशचं कनेक्शन असेल तेव्हा. तिथे घुमतो तो वीजपुरवठ्याच्या वारंवारतेचा, ५० किंवा ६० हर्ट्झचा आणि त्याच्या पटींचा आवाज.

ओळखायची सोपी रीत: लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर वाजवा. गुणगुण गेली तर फेराच आहे. मग ऑप्टिकल लावा, किंवा यूएसबीच हवी असेल तर यूएसबी आयसोलेटर (मधलं विजेचं नातं तोडणारी डबी). पण प्लगची अर्थिंगची पिन तोडून गुणगुण घालवायचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाला पुन्हा काही विचारू नका. ती पिन तुमच्या जिवासाठी आहे.

लावताना

ॲम्प्लिफायरचा आवाज शून्यावर आणा. आरसीएची मधली पिन जाळीच्या आधी टेकते, म्हणून चालू यंत्रात ॲनालॉग प्लग खुपसला की भप्पकन आवाज होतो. काढताना प्लग धरून किंचित फिरवत काढा, वायर ओढून नाही. काही भारी प्लगांची पकड इतकी घट्ट असते की सॉकेटच बोर्डावरून उखडतं. विजेच्या वायरींना समांतर जाऊ नका, ओलांडायचंच असेल तर काटकोनात. डॅकपासून ॲम्प्लिफायरपर्यंतची ॲनालॉग केबल आखूड ठेवा, कारण बाहेरचा गोंगाट खरा तिथे शिरतो. लांब जायचं तर डिजिटल केबलला जाऊ द्या.

मग ओळखीचं गाणं लावा, स्रोताचा दर डॅकच्या दिव्यावर किंवा पडद्यावर बरोबर दिसतोय का ते बघा, आणि वाजत असताना दोन्ही टोकांना बोटानं हलकेच टिचकी मारा. आवाज हलला तर ते टोक आजच बदला.

ऑप्टिकलच्या त्या टोप्या मात्र टाकू नका. केबलच्याच अंगाला चिकटपट्टीनं चिकटवून ठेवा. यंत्र हलवताना उघड्या टोकावर ओरखडा आला की उजेड विखुरतो. भावानं त्या रात्री दोन्ही टोप्या फेकून दिल्या होत्या. आता घर बदलताना केबलच्या टोकांना जुन्या पेनांची टोपणं घालून बसलाय.